ओनीला दिसलेला सोनेरी बर्फ

"गुडघे टेक, लेकी! सरोवराला तुझ्या छातीशी बोलू दे!"

ब्रदर लायल ओरडला आणि सरोवराच्या गोठलेल्या उपसागरावर जमलेलं सगळं सार्की हार्बर गाव गप्प झालं. बर्फ इतका जाड होता की त्यावर लोकांनी ट्रक आणून उभे केले होते. मधोमध करवतीनं कापलेलं चौकोनी भोक, आत काळं पाणी. कडेला मेंढीचं कातडं अंथरलेलं, त्यावर ब्रिटा. पोरगी बावीस वर्षांची, माझ्या बहिणीच्या बेकरीत कामाला. तिच्या छातीला पट्टा बांधला होता आणि मागं घसरगाडीवर ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर तिच्या हृदयाची गती दिसत होती. एकशे नव्वद. एकशे पंच्याण्णव. तिच्या मानेवरची शीर मला लांबूनही उडताना दिसत होती.

"डॉक्टर काय देतात? विष!" लायल म्हणाला. "सरोवर काय देतं? शांती! तुमची पेशी न् पेशी पाण्यातून आली, बाबांनो. पेशींना पाण्याची आठवण असते!"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. पेशींना आठवण असती तर माझी मुलं परीक्षेत इतकी नापास झाली नसती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण शेजारी माझी बहीण साइमा उभी होती. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

लायलनं ब्रिटाचं डोकं हळूच दाबलं. तिचा चेहरा पाण्यात गेला. लायल मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणू लागला. पडद्यावरचा आकडा थरथरला, अडखळला, आणि एकदम खाली कोसळला. बहात्तर! ब्रिटानं डोकं वर काढलं. भुवयांवर बर्फ धरत होता आणि ती हसत होती.

जो तो रडू लागला. टोप्या हवेत उडाल्या. माझ्या मागं म्हातारा ओनी लाहती कागदी कपातलं गरम मधपाणी फुंकून फुंकून पीत होता.

"कितवा कप, ओनी?" मी विचारलं.

"मोजतो कशाला? फुकट आहे," तो म्हणाला. "आणि वर गोड आहे."

लायल शरद ऋतूत दक्षिणेकडून आला होता. आधी म्हणे सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगड्या विकायचा. आमच्या गावात घराघरात आज्याच्या हातचा सॉना असताना त्याच्या शेगड्या कोण घेणार? मग त्यानं धंदा बदलला. किनाऱ्यावरची बंद पडलेली छावणी भाड्यानं घेतली, दाढी वाढवली, आणि उपसागर गोठल्याबरोबर 'स्थिर पाण्याची सेवा' सुरू केली. सेवा फुकट, मधपाणीही फुकट. फक्त बाटली घरी न्यायची तर देणगी. स्प्रूसच्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांचा पाक, मध आणि सरोवराचं पाणी. बाटलीवर त्याच्या हातची चिठ्ठी असायची: 'प्यायच्या आधी हलवा, म्हणजे आशीर्वाद तळाशी बसत नाही.'

या सगळ्याला मी हसून सोडलं असतं. पण साइमा हसत नव्हती.

साइमा माझी थोरली बहीण. तिच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. झटका आला की नाडीला ना ताल ना तंत्र. दोन वेळा विजेचा धक्का देऊन झाला. एकदा पायातून नळी घालून आतला बिघडलेला भाग जाळून झाला. ते वर्षभर टिकलं. लय सांभाळणारी पहिली गोळी उलटली, तिनं लय आणखीच बिघडवली. दुसरीनं गुण नाही. तिसरी लागू पडली, पण तिचा कर जबर. साइमाचं अंग जड झालं, हात थरथरू लागले, दिव्यांभोवती धुकं दिसू लागलं. उन्हाळ्यात ऊन लागलं की चेहरा राखेसारखा निळसर पडायचा. शिवाय दर काही महिन्यांनी रक्त तपासा, फुप्फुसाचा फोटो काढा, आणि त्यासाठी एकुलत्या एका रस्त्यानं तीन तास गाडी हाकत जिल्ह्याच्या हॉस्पिटलात जा. जोडीला नाडी धिमी ठेवणारी एक गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी एक.

त्या रविवारी परतताना ती गाडीत म्हणाली, "टाउनो, मी जातेय त्याच्याकडे."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"गोळी घेतली तर मी माझी राहत नाही. नाही घेतली तर छातीत मासोळ्या वळवळतात. सहा वर्षं मी या कात्रीत आहे. तू आहेस का?"

"ब्रिटाचा आजार वेगळा, तुझा वेगळा..."

"तुला काय ठाऊक? तू बेडूक कापतोस, माणसं नाही."

"बरं, लय सांभाळणारी सोड हवं तर. पण रक्त पातळ करणारी सोडू नकोस. थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी होते. ती डोक्यात गेली तर?"

तिनं काचेबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती गाडीपेक्षा उंच झाल्या होत्या. "बघ," ती म्हणाली, "तुझ्याकडे मला द्यायला भीतीच आहे. त्याच्याकडे निदान मध तरी आहे."

पुढच्या सेवेत तिनं पाण्यात तोंड घातलं आणि आपल्या गोळ्यांच्या तिन्ही डब्या लायलच्या दुधाच्या कॅनमध्ये रिकाम्या केल्या. याला तो 'त्याग' म्हणायचा. कॅन भरत आला होता. गावात म्हातारी माणसं जास्त, आणि म्हाताऱ्या माणसांकडे गोळ्यांना तोटा नसतो.

"या साखळ्या मी एकटा जाऊन सरोवराच्या पोटात सोडेन!" लायलनं कॅन छातीशी धरला. "कुणी बघायचं नाही. मागं वळून बघणाऱ्याचा मिठाचा खांब होतो, ठाऊक आहे ना?"

माझी खात्री होती की खोट त्या पडद्यात आहे. आकडे आधीच भरून ठेवलेले, लायलच्या खिशात कळ, दुसरं काय? म्हणून ब्रिटाला पुन्हा झटका आला त्या रविवारी मी गर्दी सारून पुढं गेलो.

"पडदा बंद करा," मी म्हणालो. "मी स्वतः नाडी बघणार."

मला वाटलं, याची पाचावर धारण बसेल. लायल उलट खुलला. "या ना, मास्तर! थॉमसनंही येशूच्या जखमेत बोट घालूनच बघितलं होतं. धरा!"

मी ब्रिटाचं मनगट धरलं. बोटांखाली नुसती फडफड चालली होती, मोजता येईना. तिचं तोंड पाण्यात गेलं. फडफड चालूच. मग एक थांबा. इतका लांब की मी बोटं आणखी दाबून धरली. आणि मग टक्... टक्... टक्. संथ, शहाण्या घड्याळासारखी.

"मास्तर, काय म्हणते नाडी? सांगा सगळ्यांना," लायल म्हणाला.

खोटं कसं बोलणार? "मंदावली," मी म्हणालो.

गर्दी हसली. साइमाही हसली. तोंडात मारल्यासारखा मी परत जागेवर आलो, आणि त्या दिवसापासून गावात माझं बोलणं संपलं. चमत्काराला साक्षीदार हवा होता. तो मीच झालो होतो.

जानेवारीत बर्फानं खिडक्या बुजल्या. साइमाच्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर मी राहतो. खालून वेलदोड्याच्या पावाचा वास आणि लायलची थोरवी, दोन्ही फळ्यांमधून वर येत. कुठं जाणार? शाळा, बेकरी, छपरावरचा बर्फ ओढणं, पुन्हा बेकरी. दिवस असे एकमेकांना चिकटलेले की त्यातून बाहेर पडायला फट नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साइमा बरी दिसत होती. नाडी धिमी. हातांची थरथर कमी. पाव मळताना गुणगुणायची. मग मलाच प्रश्न पडू लागला: मी चुकतोय का?

पण रक्ताच्या गुठळीचं भय काही जाईना. तिच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची एक जुनी डबी मला माडीवरच्या कपाटात सापडली. एका सकाळी तिची कॉफी टेबलावर होती, ती भट्टीकडे गेली होती, आणि मी गोळी चमच्यानं चुरून हातात घेतली होती. नुसतं ढवळायचं होतं. तिला कळलंही नसतं. तिचं भलंच झालं असतं.

मला ते जमलं नाही. बहीण आहे, गाय नाही. तिला न सांगता तिच्या पोटात काही घालायचा अधिकार मला कुणी दिला? मी चूर्ण मोरीत झटकलं आणि चमचा धुतला. मग फार वेळ वाटत राहिलं की तत्त्वाच्या नादात मी तिला मारतोय. सांगायचं तर ऐकत नाही, न सांगता द्यायचं तर हात धजत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि चहूकडे बर्फ.

अशात ओनीला सोनं दिसू लागलं.

एका सेवेत तो हात पसरून उभा राहिला. "बर्फ पिवळा दिसतोय," तो म्हणाला. "सगळा. दिव्याभोवती पण पिवळी कडी आहेत."

पाठीमागून कुणीतरी कुत्र्यानं पिवळ्या केलेल्या बर्फावरचा जुना विनोद मारला. लायलनं त्याला नजरेनंच गाडलं. ओनीला मिठी मारून तो गर्जला, "ऐका! आयुष्यभर खाणीच्या अंधारात राबलेल्या माणसाला स्वर्गाचा सोनेरी उजेड दिसतोय! दार उघडलंय, बाबांनो, दार उघडलंय!"

बायका ओनीचे हात धरून रडल्या. ओनी बावरून हसत होता. त्याच्यापुढं वाढलेली मांस भरलेली पास्टी तशीच गार झाली होती. खरं तर याच गोष्टीनं मी सावध व्हायला हवं होतं. ओनी फुकटचं अन्न टाकत नसे.

चार-पाच दिवसांनी वादळ आलं. शाळा बंद, रस्ता बंद. दुपारी ओनी कसाबसा बेकरीत आला आणि दारातच ओकला. मग भिंतीला धरून खाली बसला. साइमानं आणि मी त्याला भट्टीशेजारच्या बाकावर आडवा केला. ओठ पांढरे. मी मनगट धरलं. एक ठोका. मग काही नाही. मग काही नाही. मग एक ठोका.

मी हॉस्पिटलला फोन लावला. साइमाची डॉक्टर, मिरियम फॉन्टेन, फोनवर आली. मी सांगितलं ते तिनं ऐकलं आणि विचारलं, "हृदयाच्या कुठल्या गोळ्या घेतो तो?"

"कुठल्याच नाही. ओनीनं जन्मात डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही. त्याचा त्याला अभिमान आहे."

"त्याला काही पिवळं दिसतंय का? दिव्याभोवती कडं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कारण हे डिजिटॅलिस आहे," डॉक्टर म्हणाली. "नाडी धिमी करायचं जुनं औषध. प्रमाणाबाहेर गेलं की ओकाऱ्या, पिवळी नजर, आणि नाडी बुडत जाते. तो घेत नसेल तर त्याला कुणीतरी देतंय. काय खातो, काय पितो, ते शोधा. आत्ता."

ओनी काय पितो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. साइमाची बाटली फळीवरच होती. मी हात घातला तशी ती पुढं आली.

"हात लावू नकोस."

"साइमा, तो मरतोय."

तिनं ओनीकडे बघितलं. मग बाटली स्वतःच उचलली आणि माझ्या हातात दिली. सवयीनं तिनं ती हलवली होती. मी ती टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. हळूहळू पाकाच्या तळाशी एक फिकट थर बसू लागला.

"मध साखरला असेल," ती पुटपुटली.

मी पाक गरम पाण्यात विरघळवला आणि कॉफीच्या गाळण कागदातून गाळला. मध असता तर खाली निघून गेला असता. कागदावर राहिला खडूसारखा लगदा, त्यात निळ्या, गुलाबी, पिवळ्या रंगाचे कण, आणि एक चांगला जोंधळ्याएवढा तुकडा. त्यावर कोरलेला अर्धा आकडा.

साइमानं तो बोटावर घेतला. तिचा आवाज अगदी साधा होता. "ही माझी गोळी आहे. सहा वर्षं रोज सकाळी मी हा आकडा बघितलाय."

ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"सरोवरात टाकल्या म्हणाला होता," ती म्हणाली. "म्हणजे मी... सगळ्या गावाच्या गोळ्या पितेय?"

आम्ही टाकलेल्या गोळ्या कुटून तो आम्हालाच मधातून पाजत होता. म्हणून नाड्या धिम्या. म्हणून साइमा बरी. आणि म्हणून ओनी, ज्याला कसलाच आजार नव्हता, पण गोडाची आवड होती आणि चुलीशेजारी बसून बोलायला घरी कुणी नव्हतं, तो आता बाकावर पडून एकेका ठोक्यासाठी झगडत होता. माझ्या डोळ्यांपुढं तो चमचा आला. जे करायला माझा हात धजला नाही, ते हा माणूस बादलीनं करत होता, आणि वर देणगी घेत होता.

"मी आता काय करू?" साइमानं फोनवर विचारलं. "पीत राहू की थांबवू? माझ्या गोळ्या परत सुरू करू?"

"एक थेंबही पिऊ नका. स्वतःहून काही सुरूही करू नका. तुमच्या रक्तात काय काय आहे ते मला ठाऊक नाही. दोघंही इकडे या."

"रस्ता बंद आहे, डॉक्टर."

"मग रस्ता उघडेपर्यंत त्याच्या नाडीवर हात ठेवा. बर्फ सारणारी गाडी पाठवायला मी सांगते."

त्यानंतरचा वेळ कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मी म्हणेन. बाहेर नुसतं पांढरं. दार उघडलं तर समोर बर्फाची भिंत. आत भट्टीची धग, ओनीचं थंड मनगट, आणि पोत्यावर बसलेली साइमा. तिचा स्वतःचा हात स्वतःच्या मानेवर. एक ठोका पडला की पुढचा येईल का, याची वाट बघायची. तो आला की पुन्हा तीच वाट. मध्येच ओनीनं डोळे उघडले.

"स्वर्गाचं दार आहे का रे हे?"

"नाही," साइमा म्हणाली. "माझी बेकरी आहे. आणि तुला आज मरायची परवानगी नाही."

अंधार पडायच्या आत गाडी आली. तिच्या मागून अँब्युलन्स. ओनीच्या रक्तात डिजिटॅलिस भरपूर निघालं. त्यावरचा उतारा हॉस्पिटलात होता, म्हणून ओनी वाचला. साइमाच्या रक्तात डॉक्टरांनी तिला कधीच न दिलेली दोन औषधं निघाली. ती उतरली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या छातीतल्या मासोळ्या परत आल्या.

डॉक्टर फॉन्टेन तिच्या खाटेशी बसली. साइमा चिडून म्हणाली, "म्हणजे पुन्हा तीच गोळी. पुन्हा तीच मी. तो लबाड होता हे मान्य. पण तुमची औषधं तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहेत?"

"नाहीत," डॉक्टर म्हणाली. "त्याहून वाईट सांगते. मी डॉक्टर व्हायच्या आधीची गोष्ट. हार्ट अटॅकमधून वाचलेल्यांच्या हृदयात मध्येच जादा ठोके पडायचे. ते पुसून टाकणाऱ्या गोळ्या होत्या. कागदावरची रेघ इतकी सुरेख दिसायची की सगळे डॉक्टर खूश. मग काही जण म्हणाले, नुसती रेघ नको, माणसं मोजू. काहींना खरी गोळी दिली, काहींना औषध नसलेली नुसती पोकळ, आणि दोन्ही गटांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं की कुणाला काय मिळेल ते ठाऊक नाही. खऱ्या गोळीवाले जास्त मेले."

साइमा उठून बसली. "तुमच्या गोळ्यांनी?"

"आमच्या गोळ्यांनी. आणि ते आम्हीच शोधलं, आम्हीच छापलं, आणि त्या लोकांना त्या गोळ्या देणं बंद केलं."

"मग आता?"

"आता जरा शहाणपणानं चाललंय. बिघाड नेमका कुठल्या पेशीत, कुठल्या जनुकामुळे, हे बघून माणसागणिक औषध निवडायचं. खालच्या कप्प्यांना धक्का न लावता फक्त वरच्यांवर काम करेल असं औषध शोधायचं. ब्रिटासारख्यांना नाकात फवारून घरीच झटका थांबवता यावा. यातलं काही हाताशी येतंय, काहीवर प्रयोग चालू आहेत, काही फसेलही."

"माझ्यासाठी कधी?"

"ठाऊक नाही."

"लायलला सगळं ठाऊक असायचं," साइमा म्हणाली.

रविवारी गावच्या सभागृहात सगळे जमले. डॉक्टर आली होती, दाराशी जिल्ह्याच्या पोलिसांचा, शेरिफचा, माणूस होता. छावणीतला खलबत्ता त्यांनी आधीच ताब्यात घेतला होता. त्याच्या तळाला रंगीत चूर्ण चिकटलेलं. मी सगळ्यांसमोर पुन्हा एक बाटली गाळली आणि कागद फिरवला. माणसं आपापल्या गोळ्यांचे रंग ओळखू लागली. मग ती लाजून एकमेकांची नजर चुकवू लागली.

लायल मात्र लाजला नाही. "बरं, समजा दिल्या!" तो उसळला. "औषधच होतं ना? विष तर नव्हतं? मेलं का कुणी? तुम्ही डॉक्टरच्या हातून घेत नव्हता, माझ्या हातून घेतलंत!"

"कालपर्यंत ते विष होतं, लायल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि ब्रिटा?" तो माझ्याकडे वळला. "तिचं हृदय कुणी शांत केलं? तुम्ही स्वतः मनगट धरलं होतंत, मास्तर!"

सगळ्यांच्या माना ब्रिटाकडे वळल्या. पोरगी पांढरीफटक पडली होती. "परत सुरू झालं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. या सगळ्या धुमश्चक्रीत तिला झटका आला होता.

"बघा!" लायल हात उंचावून पुढं धावला. "प्रार्थनेवाचून..."

"तू गप्प बस," साइमा म्हणाली. असा आवाज मी तिचा फार दिवसांत ऐकला नव्हता.

डॉक्टरनं ब्रिटाची नाडी बघितली, तिला दोन प्रश्न विचारले आणि मला मानेनं खूण केली. मी बाहेरून बर्फ आणून पाण्याच्या घमेल्यात टाकला. ब्रिटानं श्वास धरला, तोंड पाण्यात घातलं. साइमा खुर्चीवर उभी राहिली आणि प्रार्थनेच्या जागी खड्या आवाजात बेकरीच्या फळ्यावरची यादी म्हणू लागली:

"आज मिळेल! बीफ पास्टी, सलगम घालून! बिनसलगमची वेगळी सांगावी लागेल! वेलदोड्याचा पाव! कालचा पाव अर्ध्या किमतीत! घरचं चीज संपलंय!"

चीज संपेपर्यंत ब्रिटाची नाडी शांत झाली होती. ती डोकं वर काढून म्हणाली, "थांबलं," आणि मग रडू लागली.

"सील पाण्यात बुडी मारतो तेव्हा प्राणवायू पुरवून वापरायला त्याचं हृदय मंदावतं," डॉक्टर म्हणाली. "तीच खोड आपल्यातही आहे. गार पाणी चेहऱ्याला लागलं की मेंदू हृदयाला आवर घालतो. ब्रिटाच्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे. त्या धक्क्यानं ती वाट क्षणभर तुटते आणि झटका थांबतो. हे आम्ही दवाखान्यातही करतो, पण माणूस तपासून. साइमाच्या आजारावर याचा उपयोग नाही. कुणा दुबळ्या हृदयाच्या माणसानं गोठल्या पाण्यात तोंड घातलं तर जिवावर बेतेल."

"सेवेच्या आधी तो मला कडक कॉफी पाजायचा," ब्रिटा म्हणाली. "आणि खूप नाचायला लावायचा. झटका आला तर सगळ्यांसमोर न्यायचा. नाही आला त्या रविवारी नुसतं मधपाणी."

शेरिफच्या माणसानं लायलला गाडीत बसवलं. तेव्हाही दोन बायका त्याच्या गाडीमागं रडत गेल्या. त्यांना मी हसत नाही. त्यांचे नवरे आजारी आहेत, हॉस्पिटल तीन तासांवर आहे, आणि तिथल्या डॉक्टरच्या तोंडून 'ठाऊक नाही' ऐकून परतताना रस्ता आणखी लांबतो, हे मी बघितलंय.

साइमा पुन्हा गोळ्या घेते. डॉक्टरनं लय सांभाळणारी बदलून बघितली आहे. अंग थोडं हलकं झालंय, मासोळ्या पूर्ण गेलेल्या नाहीत. वाईट दिवशी ती अजून भट्टीशी बसून माझ्यावर खेकसते की तुझं विज्ञान काय कामाचं. मी पाव उलटतो. ओनी वाचला, पण त्याच्या पायातलं बळ गेलं ते गेलंच.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगतो. तुम्ही कात्रीत सापडाल तेव्हा कुणीतरी गोड बाटली घेऊन येईल. त्याला विचारा: यात काय आहे? कुणाकुणाला दिलंस? त्यातल्या किती जणांना गुण आला नाही, आणि ते आता कुठं आहेत? खऱ्या औषधवाल्याकडे या प्रश्नांना उत्तर असतं, बऱ्याचदा कडू असतं, कधी 'ठाऊक नाही' असतं. जो या प्रश्नांवर चिडतो, डोळे मिटायला सांगतो, मागं वळून बघू नका म्हणतो, त्याच्यासमोर बाटली टेबलावर ठेवा, हलवू नका, आणि तळाशी काय बसतं ते आपल्या डोळ्यांनी बघा.